विनाशिका : अर्ध्यावर तुटलेलं नाव

उमरखेडच्या माणसाला नाव म्हणजे पैनगंगेतला डोंगा. पूल नव्हते तेव्हा विदर्भातून मराठवाड्यात जायचं तर त्यातच बसायचं. समुद्र आम्हाला भेटतो तो वर्तमानपत्रात. १५ जानेवारी २०२५ ला ‘आयएनएस सूरत’ मुंबईत नौदलात दाखल झाली तेव्हा तो असाच भेटला, आणि बातमीतला एक शब्द घशात अडकला : विनाशिका. विनाश कुणाचा? शब्द त्यावर गप्प. पूर्वी तो गप्प नव्हता.

गोष्ट सुरू होते पाणतीरापासून. १८६६ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फ्यूमे इथं रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज यंत्रज्ञानं पाण्याखालून स्वतः धावत जाणारा स्फोटक तीर बनवला. इंग्रजीतलं ‘टॉर्पेडो’ हे मुळात विजेचा झटका देणाऱ्या एका माशाचं लॅटिन नाव. आपला ‘पाणतीर’ त्याहून कितीतरी सरळ. हा तीर सोडायला चिमुकल्या, वेगवान होड्या निघाल्या आणि चार पैशांची होडी कोट्यवधींची युद्धनौका बुडवू शकते म्हटल्यावर दर्यासारंगांची झोप उडाली. मग या होड्यांना हुसकायला त्यांच्याहून थोडी मोठी नौका आली. स्पेनच्या फर्नांदो व्हियामिल यानं आखलेल्या नौकेचं १८८६ मध्ये जलावतरण झालं. तिचं नावच होतं ‘देस्त्रुक्तोर’, म्हणजे विनाशक. १८९३ मध्ये ब्रिटनची ‘हॅवॉक’ आली, ती ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’ या लांबलचक नावानं. म्हणजे पाणतीर सोडणाऱ्या होडीचा नाश करणारी. इटालियन माणूस अजूनही हे नाव अख्खं घेतो. इंग्रजांनी पुढचे दोन शब्द टाकले आणि आपण उरलेल्या शेपटाचं भाषांतर केलं. त्यात पदरची भर एकच, स्त्रीलिंग. हिंदीतला ‘विध्वंसक’ पुरुष, आपली विनाशिका नौकेची बहीण. अमेरिकन विनाशिकांना नावं वीरपुरुषांची, तरी मराठीत ‘ती डिकेटर आली’ असंच म्हणावं लागतं. मला याची गंमत वाटते.

ते दोन शब्द गळाले त्याला कारण आहे. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात व्हियामिल क्युबाजवळ स्वतःच्या विनाशिकेवर मारला गेला आणि त्याच वर्षी अमेरिकेनं अशा सोळा नौका मंजूर केल्या. क्रमांक एकची ‘बेनब्रिज’ १९०२ मध्ये सेवेत आली : ४२० टन, लांबी सुमारे २५० फूट, इंधन कोळसा. पण तिच्यावरही पाणतीराच्या दोन नळ्या होत्याच. शिकाऱ्यानं सावजाचे दात स्वतःला लावून घेतले, तेव्हा वेगळ्या पाणतीर-होडीची गरजच संपत गेली.

अशा एवढ्याशा पाच नौका १९०३-०४ मध्ये सुएझमार्गे हिंदी महासागर ओलांडून मनिलाला गेल्या. त्यांतली ‘डिकेटर’ १९०८ मध्ये फिलिपिन्समध्ये चिखलात रुतली. कप्तान होता तेवीस वर्षांचा चेस्टर निमिट्झ. लष्करी न्यायालयानं त्याला ठपका देऊन सोडलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अख्खा पॅसिफिक ताफा त्याच्या हाती आला.

पहिल्या महायुद्धात शत्रू बदलला, पाणबुडी आली. १९१७ च्या मे महिन्यात अमेरिकन विनाशिका आयर्लंडच्या क्वीन्सटाउनला पोहोचल्या आणि त्यांच्या वाट्याला आली व्यापारी जहाजांची राखण. आमच्याकडे रानडुकरांपासून पीक वाचवायला रात्री शेतात जागलीला जातात, तसलंच हे काम. या जागलीत ६ डिसेंबर १९१७ ला ‘जेकब जोन्स’ जर्मन पाणबुडीच्या पाणतीरानं बुडाली. पाणबुडीचा कप्तान हान्स रोझे यानं पाण्यात तरंगणाऱ्या माणसांचा ठावठिकाणा बिनतारी संदेशानं शत्रूलाच कळवला.

मग घाईघाईनं चार धुराड्यांच्या विनाशिका बांधायला काढल्या, एकूण २७३. त्यांतल्या बऱ्याच युद्ध संपल्यावर तयार झाल्या. ‘वॉर्ड’चा सांगाडा मांडल्यापासून साडेसतरा दिवसांत ती पाण्यात उतरली. ७ डिसेंबर १९४१ च्या पहाटे, पर्ल हार्बरवर विमानं येण्याआधी, बंदराच्या तोंडाशी तिनं एक छोटी जपानी पाणबुडी बुडवली. बरोबर तीन वर्षांनी, ७ डिसेंबर १९४४ ला, ऑर्मोकच्या उपसागरात जपानी आत्मघातकी विमान तिच्यावर आदळलं. पेटलेली ‘वॉर्ड’ वाचेना, तेव्हा ‘ओब्रायन’नं तोफा डागून तिला तळाशी धाडलं. ‘ओब्रायन’चा कप्तान विल्यम आउटरब्रिज. पर्ल हार्बरच्या त्या पहाटे ‘वॉर्ड’ त्याच्याच ताब्यात होती.

भारताकडे १९४९ मध्ये तीन जुन्या ब्रिटिश विनाशिका आल्या. ‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’ झाली, ‘रिडाउट’ची ‘रणजीत’ आणि ‘रेडर’ची ‘राणा’. पुढे माझगाव गोदीनं ‘दिल्ली’ बांधली, ती १९९७ मध्ये दाखल झाली. ‘सूरत’ही तिथलीच : ७,४०० टन, ‘बेनब्रिज’च्या सुमारे साडेसतरापट. तिची ‘बराक’ क्षेपणास्त्रं विमानं पाडण्यासाठी आहेत. पाणतीराच्या नळ्या अजून आहेत; ज्या होड्या मारायला हे घराणं जन्माला आलं, त्या मात्र समुद्रातून जवळजवळ नाहीशा झाल्या.