प्रवाशाची टिप आणि मालकाचे देणे

परदेशी जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत टिपेविषयीचे एक प्रकरण ठरलेले असते. अमेरिकेत उपाहारगृहाच्या बिलावर पंधरा ते वीस टक्के ठेवावेत. फ्रान्समध्ये सेवेचे मूल्य किमतीतच धरलेले असल्याने थोडी नाणी ठेवली तरी पुरे. जपानमध्ये काही न ठेवणेच शिष्टसंमत. अशी कोष्टके प्रवाशाच्या उपयोगाची असतात, पण एका देशात जे औदार्य मानतात ते दुसऱ्या देशात कर्तव्य आणि तिसऱ्या देशात आगळीक का ठरते, हे त्यांत सांगितलेले नसते. त्याचे उत्तर शोधायला शिष्टाचारापेक्षा वेतनाच्या इतिहासाकडे वळावे लागते, असे आम्हांला वाटते.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे. जर्मनमधील ‘ट्रिंकगेल्ड’ आणि फ्रेंचमधील ‘पूरब्वार’ या दोन्ही शब्दांचा अर्थ पिण्यासाठी दिलेले पैसे असा होतो. रशियन माणूस ‘चहासाठी’ देतो. आपले ‘चहापाणी’ याच कुळातले, फक्त आपल्याकडे त्याला लाचेचा वास लागला. ‘बक्षीस’ फारसीतून आले. मूळ अर्थ देणगी. मराठीत ते पारितोषिकाच्या मानाला पोचले, तर इजिप्तपासून तुर्कस्तानापर्यंत हाच शब्द प्रवाशापुढे पसरलेल्या हाताचा झाला. इंग्रजी ‘टिप’ हे तत्पर सेवेविषयीच्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले, ही लोकप्रिय व्युत्पत्ती निराधार आहे. सतराव्या शतकातील भामट्यांच्या बोलीत ‘देणे, हातात सरकवणे’ या अर्थी ते क्रियापद रूढ होते. या साऱ्या शब्दांत देणाऱ्याची मर्जी गृहीत धरलेली आहे. घेणाऱ्याचा हक्क सुचवणारा शब्द त्यांत एकही नाही.

प्रत्यक्षात मात्र ही मर्जी फार पूर्वीच सक्तीची झाली होती. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मोठ्या घरी जेवायला गेलेला पाहुणा निघू लागला की दाराशी हुजरे, खानसामे, घोडेवाले रांगेने उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर काही ना काही ठेवावे लागे. या रिवाजाला ‘व्हेल्स’ म्हणत. बेताच्या मिळकतीच्या माणसाला श्रीमंत मित्राचे आमंत्रण परवडेनासे झाले होते. एका सरदाराकडे जेवलेल्या गृहस्थाने स्वयंपाक्याला चांदीचे नाणे दिले, ते त्याने परत केले आणि आपण चांदी घेत नसल्याचे सांगितले. त्यावर पाहुण्याने, आपण सोने देत नसतो, असे म्हणून नाणे खिशात टाकले, अशी त्या काळची एक आख्यायिका आहे.

छत्रीचा पुरस्कार करणारा म्हणून इतिहासात राहिलेला जोनास हॅनवे याने १७६० मध्ये या रिवाजाविरुद्ध आठ पत्रे प्रसिद्ध केली. त्याच्या आधीच्या वर्षी जेम्स टाउनली याचे ‘हाय लाइफ बिलो स्टेअर्स’ हे प्रहसन लंडनच्या रंगभूमीवर आले. मालक वेषांतर करून आपल्याच नोकरांची चैन पाहतो, असे त्याचे कथानक आहे. एडिंबरोतील प्रयोगाच्या वेळी हुजऱ्यांनी दंगा केला. पुढे १७६४ मध्ये, व्हेल्स बंद करू पाहणाऱ्या धनिकांवर लंडनच्या रॅनेला उद्यानात हुजरे चालून गेले. या दंग्यांना केवळ उर्मटपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पाहुण्यांकडून मिळणारी रक्कम धरूनच नोकराचा पगार ठरत असे. व्हेल्स बंद करायचे आणि पगार तेवढाच ठेवायचा, याचा अर्थ त्याच्या उत्पन्नातच कपात करणे असा होता.

मालकाने द्यायचे ते पाहुण्याकडून वसूल करण्याची हीच युक्ती अमेरिकेत एका मोठ्या उद्योगाचा पाया झाली. यादवी युद्धानंतर युरोप पाहून आलेल्या सधन अमेरिकनांनी टिपेचा रिवाज सोबत आणला. याच काळात गुलामीतून नुकतेच सुटलेले लक्षावधी कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष कामाच्या शोधात होते. जॉर्ज पुलमन याने १८६७ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने आपल्या शयनयानांवर पोर्टर म्हणून त्यांतील पुरुषांना नेमले. पोर्टरचे नाव काहीही असो, प्रवासी त्याला सर्रास ‘जॉर्ज’ म्हणत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी रीत अशी नव्या गाडीत चढून बसली.

१९१५ मध्ये औद्योगिक संबंधांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे या पोर्टरांच्या वेतनाचा प्रश्न आला. नव्या पोर्टरला महिन्याला साडेसत्तावीस डॉलर मिळत. उरलेली भर प्रवाशांनी घालावी, अशी अपेक्षा होती. कंपनीच्या वतीने साक्ष देणाऱ्यांत रॉबर्ट लिंकन होते. गुलामगिरी संपविणाऱ्या अध्यक्षांचे पुत्र अशा वेतनपद्धतीच्या बाजूने उभे राहावेत, यापेक्षा अधिक बोलका तपशील या इतिहासात आम्हांला आढळला नाही.

टिपेला विरोधही अमेरिकेतच जोराचा झाला. लोकशाहीच्या नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरावा आणि दुसऱ्याने त्यावर नाणे टाकावे, हे अनेकांना सरंजामी वाटले. विल्यम स्कॉट याचे ‘दि इचिंग पाम’ हे पुस्तक १९१६ चे. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपेवर बंदी घातली आणि आणखी काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. १९२६ पर्यंत हे सर्व कायदे मागे घेतले गेले. या कायद्यांनी देणाऱ्या-घेणाऱ्याच्या हातावर बंदी घातली, मालकाने वेतन वाढवावे अशी सक्ती मात्र केली नाही. सुधारकांना नाण्यातली मानहानी दिसली होती, नाण्यावाचून रिकामी राहणारी चूल तेवढी स्पष्ट दिसली नव्हती.

ती चूल स्वतःचीच असल्यामुळे पोर्टरांचा मार्ग वेगळा होता. १९२५ मध्ये न्यूयॉर्क येथे ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. टिपेवर विसंबून राहावे लागू नये एवढे वेतन, ही तिची एक प्रमुख मागणी होती. बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ मध्ये, पुलमन कंपनीने तिच्याशी करार केला.

उपाहारगृहांतील सेवकांच्या वाट्याला असा करार आला नाही. १९३८ च्या किमान वेतन कायद्याने त्यांना वगळले आणि १९६६ च्या दुरुस्तीने आत घेतले ते एका सवलतीसह: किमान वेतनाचा काही भाग मालकाने टिपेतून वळता करून घ्यावा. १९९१ पासून मालकाने रोख द्यायची संघराज्याची किमान रक्कम ताशी २ डॉलर १३ सेंट एवढीच राहिली आहे. टिप धरूनही किमान वेतन भरत नसेल तर उरलेली रक्कम मालकाने द्यावी, असे कायदा म्हणतो. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. एकेकाळी टिपेवर बंदी घालणारे वॉशिंग्टन राज्य आज याच यादीत आहे.

शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला पहिल्याच बिलापाशी हा इतिहास भेटतो. दिवाळीची पोस्त त्याला ठाऊक असते. पण ती वर्षभर दारी येणाऱ्या ओळखीच्या माणसाला देतात. पुन्हा कधी भेट होणार नाही अशा परक्याला बिलाचा पाचवा हिस्सा का द्यावा, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. टिपेच्या रिवाजाला विरोध म्हणून टिप न देण्याचा निश्चय कोणी करील. मात्र त्या निश्चयाची किंमत मालकाला मोजावी लागत नाही. ती त्या रात्री मेज पुसणाऱ्याच्या मिळकतीतून वजा होते. हॅनवेच्या काळापासून हा हिशेब बदललेला नाही.

म्हणून रिवाज जिथे आहे तिथे पूर्ण टिप द्यावी, असे आमचे मत आहे. आणि ती देताना आपण बक्षीस देत आहोत असे मानू नये. मालकाने चुकवलेल्या वेतनाचा तो एक हप्ता असतो. त्याच्या बदल्यात लवून केलेल्या नमस्काराची अपेक्षा ठेवण्याचा अधिकार प्रवाशाला नाही.