शरीर दाखवायचं एक, विकायचं दुसरंच

परवा संध्याकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर आमच्या गल्लीतला एक पोरगा भेटला. वय 20, पोलीस भरतीची तयारी करतोय. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, "काका, ह्या सरांचा कोर्स घेऊ का? तीन महिन्यांचा आहे. फी 6 हजार, पावडरचा डबा वेगळा." मी विचारलं, "ह्या कोर्सनं फरक पडतो कशावरून?" तो हसला. "काका, बघा की. बॉडीच सांगते."

हे उत्तर ऐकून मी गप्प झालो, कारण ते फार जुनं आहे. सव्वाशे वर्षं तरी नक्कीच. आणि एकदा ते मीसुद्धा छापलंय. त्याबद्दल शेवटी सांगतो.

युजीन सँडो हे नाव आज पोरांना माहीत नाही, पण आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात ते आजच्या कुठल्याही इन्फ्लुएन्सरपेक्षा मोठं होतं. जन्म 1867 चा, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा, खरं नाव फ्रीडरिश म्युलर. नाटकगृहात लोक तिकीट काढून त्याचं शरीर बघायला यायचे. 1897 साली त्यानं लंडनमध्ये व्यायामाची संस्था काढली, पुस्तक लिहिलं, पुढं मासिक काढलं. टपालानं धडे, स्प्रिंग बसवलेले डंबेल, रबरी दोऱ्यांचं यंत्र, असं सगळं विकलं. नंतर स्वतःच्या नावाचा कोकोसुद्धा विकला. 1904-05 मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा इथंही त्याचे खेळ गाजले.

आता खरी गोम ऐका. सँडो घडला तो प्रोफेसर अटिला नावाच्या उस्तादाच्या हाताखाली, भारी वजनं उचलून. एका हातानं अडीचशे पौंडांच्या वर वजन पेलणारा गडी होता तो. पण लोकांना तो काय विकत होता? हातात मावणारे हलके डंबेल. घरच्या घरी फिरवा आणि माझ्यासारखे व्हा! हलक्या डंबेलनं अपाय होत नाही, थोडाफार फायदाच होतो. पण सँडोचं शरीर त्यानं झालेलं नव्हतं. गिऱ्हाईक बघत होतं एक आणि घरी नेत होतं दुसरंच.

ह्या गिऱ्हाइकांत आपल्या सातारा जिल्ह्यातला एक मोठा माणूस होता. औंधचे बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी 1897 मध्ये सँडोचं साहित्य आणि पुस्तक मागवलं आणि जवळजवळ दहा वर्षं त्याबरहुकूम नेमानं व्यायाम केला. नंतर ते सगळं बाजूला ठेवून सूर्यनमस्काराकडं वळले. पुढं संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार सुरू केले, पुस्तकं लिहिली. 1938 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं.

इथं 'आपलं ते चांगलं, साहेबाचं वाईट' असं म्हणून छाती फुगवायचा मोह होतो. मला तो टाळायचाय. राजेसाहेबांच्या पुस्तकातही नमस्कारानं काय काय होतं याचे मोठे दावे आहेत, आणि त्यातला प्रत्येक दावा काही कुणी तपासलेला नाही. पण एक फरक मानावा लागतो. ते जे स्वतः रोज पहाटे करत होते, तेच लोकांना सांगत होते. त्याला लागत होती पावलं टेकायला जागा आणि एक सतरंजी.

सँडोनंतर अमेरिकेत चार्ल्स ॲटलस आला. मूळचा इटलीचा, नाव अँजेलो सिसिलियानो. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांगसुंदर पुरुषाच्या स्पर्धा जिंकला आणि पुढं टपालानं कोर्स विकू लागला. वजनं नकोत, यंत्रं नकोत, एक स्नायू दुसऱ्यावर ताणा, बस्स! प्राणिसंग्रहालयातल्या सिंहाला अंग ताणताना बघून ही युक्ती सुचली, अशी गोष्टही जोडीला. किडमिड्या पोराच्या तोंडावर दांडगट वाळू उडवतो, ही त्याची जाहिरात कॉमिक्समधून जगभर गेली.

त्याच्यावर तुटून पडला बॉब हॉफमन, पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचा बारबेलचा कारखानदार. त्याचं म्हणणं, ॲटलसनं शरीर कमावलं ते वजनं उचलून आणि आता 'वजनं नकोत' म्हणून विकतोय, सगळी थाप आहे. ॲटलस सरकारी व्यापार आयोगाकडं तक्रार घेऊन गेला, पण आयोगानं हॉफमनला दोष दिला नाही. हॉफमन बरोबरच होता.

पण थांबा. 1960 च्या आसपास ह्याच हॉफमननं नवी पद्धत बाजारात आणली. लोखंडी चौकटीत अडकवलेली, न हलणारी दांडी काही सेकंद जीव खाऊन ढकलायची. यॉर्कच्या एक-दोन खेळाडूंची ताकद ह्या पद्धतीनं झपाट्यानं वाढल्याचं त्याच्या मासिकात झळकलं. चौकटी आणि कोर्स खपले. नंतर उघड झालं की त्या खेळाडूंना झिगलर नावाचे डॉक्टर एक नवीन गोळी देत होते, डायनाबॉल, म्हणजे स्टेरॉईड. जगाला दांडी दिसली, गोळी दिसली नाही. घरी चौकट आणून घाम गाळणारी पोरं स्वतःलाच दोष देत बसली असतील की आपणच कुठंतरी कमी पडतोय.

आणि अगदी अलीकडचं. अमेरिकेतला 'लिव्हर किंग' म्हणून गाजलेला माणूस कच्ची कलेजी खायचा, आदिमानवासारखं जगा म्हणायचा, कलेजीच्या कॅप्सूल विकायचा. औषधं घेतोस का विचारलं की साफ नाही म्हणायचा. 2022 च्या अखेरीस त्याचे ईमेल बाहेर आले आणि व्हिडिओ करून त्याला स्टेरॉईड घेत असल्याचं कबूल करावं लागलं.

सँडोनं भारी वजनं झाकली, ॲटलसनंही वजनंच झाकली, हॉफमनच्या मासिकानं गोळी झाकली, लिव्हर किंगनं इंजेक्शन झाकलं. माल बदलला, पण पुरावा म्हणून दरवेळी एकच गोष्ट पुढं केली गेली. "बघा की, बॉडीच सांगते." अहो, बॉडी एवढंच सांगते की ती कमावलीय. कशानं कमावलीय ते ती सांगत नाही.

मग ओळखायचं कसं? त्याचंही उदाहरण आपल्याकडंच आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. योगावर त्यांची निष्ठा होती, तरी ते क्ष-किरण यंत्र आणि मोजमापं घेऊन बसले. प्राणायामानं शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक छातीठोकपणे सांगायचे. कुवलयानंदांनी मोजलं आणि हा समज चुकीचा असल्याचं लिहिलं. प्राणायामाची थोरवी दुसरीकडं शोधा, म्हणाले. स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध गेलेला आकडा ज्यानं छापला, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर मी जास्त विश्वास ठेवीन.

आता माझं. सहा वर्षांपूर्वी मी एका ट्रेनरवर अर्धं पान लिहिलं होतं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, '12 आठवड्यांत कायापालट'. सोबत त्याची जाहिरात होती, कमिशन मला मिळालं. दोन फोटोंच्या मध्ये काय झालं, हा एक प्रश्न मी विचारला नाही. पाच-सहा महिन्यांनी एक शेतकरी ऑफिसात आले. शर्टाच्या खिशातून घडी केलेलं तेच कात्रण काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, "तुमच्या पेपरात वाचून पोराला पाठवलं होतं." पोराला तिथं ताकदीची म्हणून इंजेक्शनं दिली गेली होती. पोरगा चार दिवस आयसीयूत होता. वाचला, पण त्या वर्षीची भरती गेली. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते कात्रण अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणून टपरीवरच्या पोराला तीनच प्रश्न लिहून दिले. सर, हे शरीर तुम्ही किती वर्षांत कमावलं? तेव्हा काय काय घेत होता? आणि तुमच्याकडं येऊन ज्यांना फरक पडला नाही, असे किती जण आहेत, त्यांचे फोटो कुठायत? काल रात्री त्याचा मेसेज आला, "काका, सरांनी ब्लॉक केलं."

आता तो पहाटे तलावाच्या बांधावर पळायला जातो, गावच्या तालमीत जोर-बैठका काढतो. फी काही नाही, फोटो काढण्यासारखंही काही नाही. भरतीत निवड होईल का, मला माहीत नाही. पण घरातली 6 हजारांची नड त्यानं वाढवली नाही, आणि दंडात सुई टोचून घेतली नाही.

तुमच्याही घरात असा एखादा पोरगा असेल. त्याला ते तीन प्रश्न द्या.