जन्मठेपेचा हिशेब

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, अशी समजूत महाराष्ट्रात गावोगाव पक्की आहे. कायद्याने जन्मठेपेला अशी मुदत कधीच घातलेली नव्हती. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ५५ ने सरकारला एवढाच अधिकार दिला होता की, जन्मभराच्या शिक्षेऐवजी जास्तीत जास्त १४ वर्षांची कैद देता यावी. त्याच संहितेच्या कलम ५७ मध्ये २० वर्षांचा आकडा होता, पण तो शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरता. अंदमानात तिसराच हिशेब चाले, २५ वर्षांचा. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या, म्हणून त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० पडले. लांब मुदतीची शिक्षा कधी आवरती घ्यावी, याचा निर्णय फार काळ असा आकड्यांवर चालला. कैदी माणूस म्हणून बदलला का, ही चौकशी उशिरा सुरू झाली.

अंदमानची वसाहत १८५८ साली सुरू झाली. तिथे ठरावीक वर्षे नीट वागलेल्या कैद्याला तिकीट मिळे; मग त्याला स्वतःपुरती शेती किंवा धंदा करता येई, संसारही थाटता येई. यामागे कैदी सुधारावा यापेक्षा बेटे वसावीत हा हेतू अधिक होता. १८९४ च्या तुरुंग कायद्याने मुख्य भूमीवरच्या माफीला नियमांची चौकट दिली. चांगली वर्तणूक आणि नेमून दिलेले काम यांवर दिवस जमा होत आणि तेवढे शिक्षेतून वजा होत. गुन्हेगाराची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट असावे, असे १९१९-२० च्या तुरुंग समितीने स्पष्ट म्हटले.

ते करून पाहिले ते एका छोट्या संस्थानाने. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. ना तट, ना गजांच्या कोठड्या. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना कसायला जमीन दिली आणि बायकामुलांना सोबत राहू दिले. कैदी शेत पिकवतो का, घर चालवतो का, मोकळीक असून पळून जात नाही ना, हे रोज डोळ्यांसमोर दिसत होते. तुरुंगाच्या वहीतल्या ‘वर्तणूक चांगली’ या शेऱ्यापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम. शेजारच्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. औंध संस्थान विलीन झाले, पण स्वतंत्रपूरची वसाहत सांगली जिल्ह्यात टिकून राहिली. पुढे येरवडा आणि पैठण येथेही खुली कारागृहे झाली.

१९५५ च्या दुरुस्तीने काळ्या पाण्याची शिक्षा कायद्यातून गेली आणि तिच्या जागी आजन्म कारावास आला. त्याचा अर्थ लावण्याची वेळ गांधीहत्येच्या खटल्यातील गोपाळ गोडसे यांच्या अर्जाने आणली. भोगलेली वर्षे आणि मिळवलेली माफी यांची बेरीज २० वर्षांच्या वर गेली, तेव्हा आता कैदेत ठेवणे बेकायदा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ते फेटाळले. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. माफीचे दिवस कितीही साठले तरी सरकारने आदेश काढल्याशिवाय सुटका नाही. तो आदेश १९६४ साली निघाला. सुटकेनंतर पुण्यात झालेल्या सत्काराने इतके वादळ उठले की, त्यांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले.

सरकारच्या या मोकळ्या अधिकाराला संसदेने १९७८ साली लगाम घातला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातील जन्मठेपेच्या कैद्याने प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढलीच पाहिजेत, असे नव्या कलम ४३३-अ ने ठरवले. मारू राम खटल्यात (१९८०) न्यायालयाने ते वैध ठरवले. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे घटनादत्त अधिकार मात्र त्याबाहेर राहिले. लोकांच्या तोंडचा १४ चा आकडा असा कायद्यात आला खरा, पण सुटकेचा दिवस म्हणून नव्हे. त्याआधी सोडता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे काय तपासायचे, हे लक्ष्मण नस्कर खटल्यात (२०००) नोंदले गेले. गुन्ह्याचा समाजावर परिणाम झाला का, तो पुन्हा घडेल का, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, त्याला आणखी डांबून काही साधेल का आणि कुटुंबाची स्थिती कशी आहे, असे ते प्रश्न. महाराष्ट्राने गुन्ह्यांची वर्गवारी करून वर्गागणिक वेगळी वर्षे ठरवली. संचित आणि अभिवचन रजेवरून कैदी वेळेवर परतला की नाही, हेही अशा वेळी पाहिले जाते. तरी वर्गवारीचा पाया गुन्ह्यावर राहिला आणि सुधारणेला दुय्यम जागा मिळाली.

न्यायालयांनी उलट दिशेनेही पाऊल टाकले. फाशी टाळायची, पण ठरावीक वर्षे माफीच नाही, अशी शिक्षा उच्च आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकते, हे २०१५ मध्ये घटनापीठाने मान्य केले. बिल्किस बानो प्रकरणात गुजरात सरकारने २०२२ साली ११ जणांना सोडले. खटला मुंबईत चालला असल्याने हा निर्णय महाराष्ट्र सरकारनेच घ्यायला हवा होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक बंधन घातले: मुदतपूर्व सुटकेचे धोरण असलेल्या राज्याने पात्र कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता त्याचे प्रकरण आपणहून विचारात घ्यावे आणि निर्णयाची कारणे थोडक्यात नोंदवावीत.