ग्वाल्हेरचा कडा आणि त्यावर चढलेली माणसे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाल बाजार ही डाळी-धान्याच्या घाऊक व्यापाराची पेठ आहे, आणि तिचा इतिहास ज्या नगराच्या इतिहासात मिसळला आहे ते नगर एका फौजी तळातून वाढले. 1810 साली दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला; तो तळ पुढे उठला नाही, राहुट्यांच्या जागी वाडे आले, सरदार-मानकऱ्यांच्या पाठोपाठ कारकून, पुरोहित, सराफ आणि धान्याचे व्यापारी येऊन वसले, आणि मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्या या पेठांतून नांदल्या. या सगळ्या वस्तीच्या डोक्यावर जो कडा उभा आहे त्याचा इतिहास तटबंदीचा, वेढ्यांचा आणि राजवंशांचा म्हणून पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु माणसाने हातापायांनी चढलेला कातळ म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो, आणि तो तसा व्हायला हवा.

किल्ल्याची टेकडी मैदानात एकटी उभी आहे. तिची उंची सुमारे 300 फूट, लांबी पावणेदोन मैलांच्या आसपास आणि माथा सपाट असून वरचा थर वालुकाश्माचा, म्हणजे वाळूचे कण दाबले जाऊन घट्ट झालेल्या दगडाचा आहे. हा दगड आडव्या थरांत फुटतो, त्यामुळे कड्याला कोठे अरुंद कपारी मिळतात, तर कोठे वरचा थर खालच्यापेक्षा पुढे झुकलेला दिसतो. जेथे निसर्गाने उतार सौम्य ठेवला होता तेथे किल्ला बांधणाऱ्यांनी दगड तासून तो उभा केला. त्यामुळे ग्वाल्हेरच्या बाबतीत तट कोठे संपतो आणि कडा कोठे सुरू होतो हे सांगणे अनेक ठिकाणी अवघड आहे.

या कातळाला पहिला मोठा हात लावला तो शिल्पकारांनी. तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, पंधराव्या शतकात, उरवाही खोऱ्याच्या बाजूस जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती उभ्या कड्यातच कोरल्या गेल्या. त्यांतील सर्वांत उंच मूर्ती 57 फुटांची आहे. बाबराने 1528 साली ग्वाल्हेर पाहिले, या मूर्तींचा उल्लेख आपल्या आत्मचरित्रात केला आणि त्या फोडण्याची आज्ञा दिली. अनेक मूर्तींचे चेहरे तेव्हा गेले. मोगलांच्या हाती हाच कडा तुरुंगाची भिंत झाला. शाहजादा मुराद येथे कैदेत असता त्याच्या हितचिंतकांनी तटाखाली दोरशिडीची सोय केली, पण निरोपाच्या वेळी त्याच्या प्रिय स्त्रीने केलेल्या आकांताने पहारेकरी जागे झाले आणि बेत फसला, असे इतिहासकार खाफीखान लिहितो. 1661 साली मुराद मारला गेला. किल्ल्याची कीर्ती अभेद्य अशी होती आणि ती मुख्यतः या उभ्या दगडावर उभी होती.

ती कीर्ती 1780 साली एका रात्रीत संपली. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा तो काळ होता. आदल्या वर्षी वडगावला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला मानहानीचा तह करावा लागला होता, आणि वॉरन हेस्टिंग्जला महादजी शिंद्यांना उत्तरेकडे गुंतवून ठेवायचे होते. किल्ला तेव्हा शिंद्यांच्या ताब्यात होता. किल्ल्यावर चालून आलेल्या कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅम याच्याजवळ तट फोडण्याजोग्या मोठ्या तोफा नव्हत्या, म्हणून ग्वाल्हेरच्या परिसरात सुमारे दोन महिने राहून त्याने गुपचूप शिड्यांची तयारी केली. मात्र शिडी कोठे लावायची हे त्याला ठाऊक नव्हते. ते ज्ञान त्याच्याकडे कंपनीच्या बाजूच्या गोहदच्या राण्याच्या मुलखातून आले: रात्री कड्यावर चढून किल्ल्यात शिरणारे आणि लूट घेऊन परतणारे काही लोक त्या भागात होते, आणि चढण्याची वाट त्यांना पाठ होती. कंपनीच्या कागदांत त्यांना लुटारू म्हटले आहे. चढाईच्या दृष्टीने पाहिले तर ग्वाल्हेरच्या कड्याचे पहिले जाणकार तेच होते.

3 ऑगस्टच्या रात्री कॅप्टन ब्रूस याच्या हाताखाली निवडक शिपायांच्या दोन तुकड्या आणि वीस गोरे सैनिक पुढे निघाले. पॉपहॅम मागून उरलेली फौज घेऊन येणार होता. पावलांचा आवाज होऊ नये आणि दगडावर पाय घसरू नये म्हणून शिपायांना कापूस भरलेले लोकरी कापडाचे जोडे दिले होते. रेनेल याने हिंदुस्थानच्या नकाशाबरोबर लिहिलेल्या ग्रंथात या चढाईचे टप्पे दिले आहेत. पायथ्याशी सुमारे 16 फुटांचा सरळ तासलेला दगड होता, तो लाकडी शिड्यांनी ओलांडला. त्यावर सुमारे 40 यार्डांची तीव्र चढण होती, ती पायांनी चढावी लागली. आणि तिच्या माथ्यावर 30 फुटांची भिंत होती, तेथे लाकडी शिडीचा उपयोग नव्हता. वाटाडे त्या भिंतीवर दोराशिवाय चढून गेले, वर दोरशिड्या पक्क्या बांधल्या आणि खाली सोडल्या. पहाऱ्याची फेरी दिवे घेऊन तटावरून पुढे जाईपर्यंत खालची माणसे निश्चल थांबली. पहिले वीस शिपाई ब्रूसबरोबर तटाच्या आडोशाला पोहोचले तोच त्यांतील काहींनी झोपलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या आणि गुपित फुटले. तरीही मागची माणसे दोरशिड्यांवरून चढत राहिली. उजाडता उजाडता किल्ला पडला. पॉपहॅमला मेजरपद मिळाले आणि ब्रूसचे नाव इतिहासात राहिले. भिंतीवर प्रथम चढलेल्या वाटाड्यांचे एकही नाव या वर्णनांत नाही.

मराठी वाचकाला या प्रसंगातील चढाईची रीत ओळखीची वाटेल. 1670 साली कोंढाणा घेताना दोन मावळे कडा चढून वर गेले, त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि मग तानाजी मालुसऱ्यांची माणसे वर चढली, असे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो. घोरपडीच्या आख्यायिकेने लोकांच्या मनात या दोघांची जागा घेतली आहे; तथापि बखरीतला तपशील चढाईच्या तंत्राला अधिक धरून आहे, कारण कड्यावर सर्वांत कठीण काम पहिल्या माणसाचे असते आणि त्याने वर दोर बांधला की मागच्यांचे काम ताकदीचे व धीराचे उरते. सभासदाकडेही दोघे मावळे एवढीच त्यांची ओळख आहे. कोंढाण्याचा कातळ काळा बेसाल्ट, ग्वाल्हेरचा वालुकाश्म, दोहोंमध्ये एकशे दहा वर्षांचे अंतर आणि बाजूही उलट, तरी रीत एकच आहे, आणि पहिल्या माणसाचे अनामिक राहणेही एकच आहे.

पुढचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगता येतो. किल्ला गोहदच्या राण्याकडे गेला. 17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाईत महादजींच्या मध्यस्थीने इंग्रज व मराठे यांच्यात तह झाला. त्यानंतर लवकरच महादजींनी किल्ला परत जिंकला. एकोणिसाव्या शतकात तो अनेकदा हातोहात फिरला. 1858 च्या जूनमध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि 1886 पर्यंत ठेवला. त्या वर्षी झाशीच्या बदल्यात तो जयाजीराव शिंद्यांना परत मिळाला. म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे लष्कर भागातील पेठा शिंद्यांच्या आणि त्यांच्याकडे वरून पाहणारा कडा दुसऱ्याचा, अशी स्थिती होती. कड्याची मालकी आणि त्याच्या पायथ्याचे जीवन यांचा संबंध किती तुटू शकतो याचे याहून ठळक उदाहरण मराठी माणसांच्या इतिहासात क्वचित सापडेल.

आज प्रस्तरारोहण, म्हणजे कातळ चढण्याची विद्या, हा खेळ झाला आहे. त्यातील स्पोर्ट क्लाइंबिंग या प्रकारात कातळात आधीच छिद्रे पाडून लोखंडी बोल्ट बसवतात आणि चढणारा आपला दोर त्यांत अडकवत वर जातो. टोकिओच्या स्पर्धेपासून या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, आणि कर्नाटकातील बदामीचे वालुकाश्माचे कडे भारतात त्यासाठी प्रसिद्ध झाले. अमेरिकेत असे काही कडे लाकूड कंपन्यांच्या खाजगी वनजमिनीत येतात. तेथे जाण्याची वाट, गाडी उभी करण्याची जागा आणि नवीन बोल्ट या सगळ्यांसाठी मालकाची संमती लागते, आणि ती संमती गेली की उत्तमातला उत्तम कडाही चढणाऱ्यांना बंद होतो. आपल्याकडे मालक बहुधा वनखाते, देवस्थान, गाव किंवा पुरातत्त्व खाते असतो. त्यांची परवानगी आणि गावातल्या जाणत्यांची सोबत या दोन गोष्टींशिवाय दूरच्या कड्याला जाणे हे ना सुरक्षित आहे, ना न्याय्य.

ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा प्रश्न याहूनही स्पष्ट आहे. ज्या दगडात तीर्थंकर कोरले आहेत त्याच दगडाचा तो कडा आहे, आणि 1958 च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची हानी करणे हा दंडनीय गुन्हा आहे. त्या कड्यात बोल्ट ठोकण्याचा विचारही कोणी करू नये. भारतातील कातळचढाईचा इतिहास जो कोणी लिहील त्याने मात्र 3 ऑगस्ट 1780 ची रात्र त्यात अवश्य घ्यावी, आणि ब्रूसच्या नावाआधी गोहदच्या मुलखातल्या त्या वाटाड्यांना जागा द्यावी; तो मान त्यांचा आहे.