सामू (कापड-प्रक्रियेतील)

द्रावणातील हायड्रोजन आयनांच्या संहतीचा ऋण लॉगरिदम म्हणजे सामू. प्रोसेस हाऊसमध्ये त्याला 'पीएच'च म्हणतात. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही संकल्पना मांडली. सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. २५° से. ला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. पाणी तापले की त्याचे विचरण वाढते, ६०° से. ला उदासीन बिंदूच ६.५ च्या आसपास येतो.

ब्लीचिंग : भिवंडीच्या यंत्रमागांवरून उतरणारे बरेचसे कापड कोरे, म्हणजे 'ग्रे' असते. खळ काढून झाल्यावर सुती कापड हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करतात. पेरॉक्साइड हे अतिशय दुर्बल आम्ल आहे. कॉस्टिकने सामू १०.५ ते ११ दरम्यान नेला की त्यातून परहायड्रॉक्सिल आयन तयार होतो आणि तोच विरंजन करतो. सामू त्याहून फार चढला, तर पेरॉक्साइड कामाला न येताच विघटित होते.

रंगाई : रिॲक्टिव्ह रंग आधी मिठाच्या साहाय्याने धाग्यात शिरतो, नंतर सोडा ॲश सोडतात. अल्कामुळे सेल्युलोजच्या काही हायड्रॉक्सिल गटांतील हायड्रोजन निघून जातो आणि रंग तेथे पक्का जोडला जातो. पण त्याच अल्कात रंगाची पाण्याशीही अभिक्रिया होते. असा फुकट गेलेला रंग धुताना बाहेर पडतो.

राखीव अल्कता : सामूचा आकडा त्या क्षणी मोकळ्या असलेल्या आयनांचा असतो, मागच्या साठ्याचा नव्हे. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम सोडा ॲश विरघळवली, तर सामू सव्वाअकराच्या जवळ जातो. कॉस्टिकने तेवढाच सामू गाठायला ०.०८ ग्रॅमही पुरतो. मात्र दोन्ही द्रावणे उदासीन करायला निघाले, की सोड्याला पंधरापटीहून अधिक आम्ल लागते. कारण आम्लाने हायड्रॉक्सिल आयन संपत जातात, तसा कार्बोनेट पाण्याशी अभिक्रिया करून नवे सोडत राहतो. कार्बोनेटचा बायकार्बोनेट होताना सामू १०.३ च्या परिसरात रेंगाळतो.

तपासणी : धुलाईनंतर ॲसिटिक ॲसिडचा हात देतात. वरचे पाणी उदासीन दाखवत असले तरी धाग्याच्या गाभ्यात अल्क अडकलेले असू शकते. म्हणून ओल्या कापडावरच फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकतात. डाग गुलाबी झाला तर कापड अजून अल्कधर्मी आहे. मात्र साधारण ८ च्या खाली हा दर्शक रंगहीनच राहतो, त्यामुळे गुलाबी न दिसणे म्हणजे उदासीन असणे नव्हे.

सांडपाणी : केंद्र सरकारच्या २०१६ च्या मानकांनुसार कापड उद्योगाच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. कामवारी नदी आणि खाडीच्या काठी वसलेल्या भिवंडीत हा आकडा महत्त्वाचा आहेच. पण ॲसिड किती लागेल, ते सामूवरून नव्हे, एकूण अल्कतेवरून ठरते.