बोलणे शिकविण्याची साधने

परभाषा पुस्तकातून वाचता येते. पण बाजारात तोंड उघडण्याची वेळ आली की व्याकरण घरीच राहते. म्हणूनच कल्पित संभाषणाचा सराव ही युक्ती फार जुनी आहे. इ. स. १००० च्या सुमारास इंग्लंडातील एल्फ्रिक नावाच्या मठवासी शिक्षकाने मुलांना लॅटिन यावी म्हणून एक संवाद रचला. त्यात कोणी नांगऱ्या होई, कोणी मेंढपाळ, कोणी कोळी. आणि गुरुजी प्रत्येकास त्याच्या धंद्याविषयी विचारीत.

मराठीत हे साधन साहेबाच्या गरजेतून आले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथे विल्यम केरी मराठी शिकवीत. पंडित वैजनाथांच्या साह्याने त्यांनी केलेले मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापले गेले, आणि त्यास नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले होते. पुण्यास तेव्हा पेशवाई उभी होती! त्यांच्या १८०१ च्या बंगाली संवादांत साहेबाचे चाकरांना हुकूम आहेत, तसेच सावकार, मजूर आणि भांडणाऱ्या बायका यांचे बोलणेही आहे. अशा पुस्तकातून नुसते शब्द शिकविले जात नाहीत. कोणी कोणाशी कोणत्या सुराने बोलावे, हेही शिकविले जाते. ‘ये’, ‘या’ आणि ‘यावे’ यांतील अंतर व्याकरणाचे कमी आणि समाजाचे अधिक आहे.

१८७७ साली एडिसनचा फोनोग्राफ आला आणि उच्चार साठविता येऊ लागला. शॉच्या ‘पिग्मॅलियन’ (१९१३) नाटकातील प्राध्यापकाजवळ हे यंत्र आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’त हेच कथानक मराठीत आणले. शॉची एलायझा ऋतुमान आणि प्रकृती या दोनच विषयांवरचे बोलणे घोकून बैठकीत जाते. उच्चार निर्दोष, पण कोठे काय बोलू नये, हे कोणत्या यंत्राने शिकवावे? १९६६ साली वायझेनबाम यांनी प्रश्नास प्रतिप्रश्न करणारा संगणक-कार्यक्रम केला, त्यास नाव दिले तेही एलायझाच.

आज यंत्र ऐकते आणि उत्तरही देते. गणपतीपुळ्यास देशोदेशीचे यात्रेकरू येतात. त्यांच्याशी बोलताना संकोचणाऱ्या मुलास यंत्रापुढे शंभरदा चुकता येईल. ते हसत नाही, हा त्याचा मोठाच गुण. आपल्याकडे हशाच्या भयाने किती मुले मुकी राहिली, ते शिक्षकांना विचारावे.

परंतु उलट बाजूही पाहिली पाहिजे. बाहेरचा माणूस यंत्रावर मराठी शिकून आपल्या किनाऱ्यावर आला, तर खारव्याचे बोलणे त्यास समजेल काय? एल्फ्रिकच्या वर्गातील कोळी खऱ्या कोळ्याच्या भाषेत बोलत नव्हता, गुरुजींच्या लॅटिनमध्येच बोलत होता. तीच गत आमच्या बोलीची व्हावयाची नसेल, तर सरावाचे संवाद रचताना बंदरावरच्या माणसाचे शब्द त्याच्याच तोंडून घेतले पाहिजेत. ते काम यंत्र आपण होऊन करणार नाही. ते आपले आहे.