बाजारात तुरी : जन्माआधीच जाहीर झालेल्या सॉफ्टवेअरचा इतिहास

१/
१० नोव्हेंबर १९८३. न्यूयॉर्कमधील एका आलिशान हॉटेलात पत्रकार आणि संगणक-उत्पादक जमले होते. अठ्ठावीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी त्यांच्यासमोर एका नव्या सॉफ्टवेअरची घोषणा केली. नाव होते ‘विंडोज’. पुढच्या वसंत ऋतूत ते ग्राहकांच्या हाती पडेल, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते विक्रीला आले २० नोव्हेंबर १९८५ रोजी, म्हणजे घोषणेनंतर दोन वर्षे आणि दहा दिवसांनी.

२/
‘बाजारात तुरी’ ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. तूर अजून बाजारातच आहे आणि घरात तिच्यावरून भांडण पेटले आहे! संगणकाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडले. परंतु घोषणा लवकर केल्यामुळे एक कंपनी बुडाली आणि दुसरी तरली, हे कसे? या धाग्यात त्याच प्रश्नाचा मागोवा घेऊ.

३/
सुरुवात वीस वर्षे मागे जाऊन करावी लागेल. १९६३ मध्ये अमेरिकेतील ‘कंट्रोल डेटा’ या तुलनेने लहान कंपनीने ‘६६००’ हा त्या काळातील सर्वांत वेगवान संगणक जाहीर केला. त्याचा शिल्पकार सेमूर क्रे. ‘आयबीएम’चे प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटे) यांनी आपल्या अधिकाऱ्यांना संतप्त टिपण धाडले. त्या प्रयोगशाळेत झाडलोट करणारा कर्मचारी धरून अवघी ३४ माणसे आहेत; मग आपल्यासारखी बलाढ्य कंपनी मागे का पडली, असा त्यांचा सवाल होता.

४/
आयबीएमचे उत्तर यंत्राच्या आधी कागदावर आले. ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची संपूर्ण मालिका जाहीर झाली. त्याच वर्षी ‘६६००’ला तोंड देऊ शकतील अशा, मालिकेच्या वरच्या टोकावरील यंत्रांचीही वाच्यता झाली. ती यंत्रे अजून तयार नव्हती. पण नाव आयबीएमचे होते. ‘६६००’ घेऊ पाहणारे ग्राहक थबकले. कंट्रोल डेटाला किमती उतरवाव्या लागल्या. त्या घोषणेतून उतरलेले ‘मॉडेल ९१’ ग्राहकाकडे पोहोचले १९६७ मध्ये, आणि अशी यंत्रे बनली ती हाताच्या बोटांवर मोजता येतील त्याहून थोडीच अधिक.

५/
डिसेंबर १९६८ मध्ये कंट्रोल डेटाने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. कागदी यंत्रे दाखवून आमचे ग्राहक अडवले, हा त्यातील एक प्रमुख आरोप होता. जानेवारी १९७३ मध्ये तडजोड झाली आणि आयबीएमने आपली ‘सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन’ ही उपकंपनी स्वस्तात कंट्रोल डेटाच्या स्वाधीन केली. भरपाई मिळाली, परंतु घोषणेनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी. एवढा काळ तग धरण्याची ताकद प्रत्येक लहान कंपनीत नसते, हे येथे नोंदवून ठेवू.

६/
येथे एक खुलासा आवश्यक आहे. दिलेली तारीख हुकली म्हणजे फसवणूकच झाली, असे नाही. याच मालिकेसाठी लिहिलेली ‘ओएस/३६०’ ही प्रणालीही बरीच रखडली. तिची धुरा वाहणारे फ्रेड ब्रूक्स यांनी त्या अनुभवावर १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते, हा त्यांचा प्रसिद्ध निष्कर्ष. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्परांशी बोलण्याचा भार वाढतो. भिंत किती उभी राहिली ते डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअर किती झाले ते लिहिणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही.

७/
आता वैयक्तिक संगणकांच्या युगात येऊ. १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ आले. रकाने आणि ओळींच्या तक्त्यात आकडेमोड करणारे हे सॉफ्टवेअर इतके उपयुक्त ठरले, की केवळ त्याच्यासाठी लोक संगणक विकत घेऊ लागले. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन हे त्याचे निर्माते; ते बाजारात आणणाऱ्या कंपनीचे नाव पुढे ‘व्हिजिकॉर्प’ झाले. सॉफ्टवेअरच्या धंद्यातील ती त्या काळची अग्रगण्य कंपनी होती.

८/
नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगास येथील ‘कॉमडेक्स’ प्रदर्शनात व्हिजिकॉर्पने ‘व्हिजि ऑन’ दाखवले. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक चौकटी उघडलेल्या, प्रत्येकीत वेगळे काम चाललेले आणि हे सारे माउसच्या इशाऱ्यावर! आज ही गोष्ट मामुली वाटेल. तेव्हा बहुतेक संगणकांवर काळ्या पडद्यावरील अक्षरांत आज्ञा टंकाव्या लागत. पाहणारे थक्क झाले.

९/
त्या पाहणाऱ्यांत बिल गेट्स होते. ते प्रात्यक्षिक त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले आणि आपले सहकारी चार्ल्स सिमोन्यी यांना तातडीने बोलावून घेतले. ‘इंटरफेस मॅनेजर’ या नावाने मायक्रोसॉफ्टमध्ये अशा कामाला आरंभ झाला होता. त्याला आता निकड आली. व्हिजि ऑन विक्रीला यायला मात्र आणखी वर्ष लागले. म्हणजे व्हिजिकॉर्पने आपल्या घोषणेने ग्राहकाला आशा दाखवली आणि प्रतिस्पर्ध्याला एक वर्षाची मुदत बहाल केली.

१०/
याच सुमारास कॅलिफोर्नियात दुसरे नाट्य घडत होते. त्याचे नायक ॲडम ऑस्बर्न. जन्म १९३९चा, बँकॉकमधला. बालपण मात्र तमिळनाडूत गेले. वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि चरित्रकार. एप्रिल १९८१ मध्ये ॲडम यांनी ‘ऑस्बर्न १’ हा हातात उचलून नेता येणारा संगणक आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा जेमतेम पाच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. खरी गंमत म्हणजे ‘वर्डस्टार’ आणि ‘सुपरकॅल्क’सारखी महागडी सॉफ्टवेअर त्याच किमतीत मिळत. ग्राहकांची झुंबड उडाली.

११/
१९८३च्या प्रारंभी ऑस्बर्न यांनी पुढच्या, अधिक चांगल्या संगणकाची वाच्यता केली. ग्राहकाने आणि दुकानदाराने सरळ हिशेब केला : नवा येणारच आहे, तर जुना आज कशाला घ्यायचा? जुन्याची मागणी आटली, नव्याचा पैसा अजून यायचा होता. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. स्वतःच्याच घोषणेने स्वतःचा चालू माल मारण्याच्या या प्रकाराला तेव्हापासून ‘ऑस्बर्न परिणाम’ म्हणतात.

१२/
मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने सुबक गोष्टीपासून सावध राहावे. ऑस्बर्न बुडण्याला इतरही कारणे होती. ‘कायप्रो’ने १,५९५ डॉलरमध्ये नऊ इंचांच्या पडद्याचा संगणक आणला होता. आयबीएमच्या संगणकाशी जुळणाऱ्या यंत्रांकडे बाजार वळत होता. कंपनी आपल्या आवाक्याबाहेर वेगाने वाढली होती. घोषणेने तिला एकटीने मारले नाही. पण आधीच दमलेल्या कंपनीची मिळकत नेमक्या वेळी रोखून धरली, एवढे म्हणता येते.

१३/
आता पुन्हा १० नोव्हेंबर १९८३. ऑस्बर्नच्या दिवाळखोरीला दोन महिने लोटले नव्हते आणि व्हिजि ऑन पुढच्याच महिन्यात विक्रीला यायचे होते. गेट्स यांनी वीसहून अधिक संगणक-उत्पादकांचा विंडोजला पाठिंबा असल्याचे जाहीर केले. या यादीत आयबीएम नव्हती. ती ‘टॉपव्ह्यू’ नावाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या मार्गाने निघाली होती. मग हा सोहळा नेमका कोणासाठी होता?

१४/
त्याचे एक उत्तर अगदी रास्त आहे. विंडोज हा पाया होता; त्याच्यावर चालणारे कार्यक्रम इतरांनी लिहायचे होते. पाया कसा असेल हे आधी कळले नाही, तर वर इमले कोण चढवणार? लवकर सांगणे हे अशा वेळी कर्तव्यच ठरते. दुसरे उत्तर मात्र धंद्याचे आहे. मायक्रोसॉफ्टची ‘एमएस-डॉस’ ही प्रणाली आयबीएमच्या आणि तिच्याशी जुळणाऱ्या संगणकांवर आधीच चालत होती. तिचीच कंपनी चौकटींचे सॉफ्टवेअर आणणार म्हटल्यावर, दुसऱ्याचे घेण्याआधी प्रत्येक जण थोडे थांबणार हे उघड होते.

१५/
आणि लोक थांबले. एप्रिल १९८४ उलटला, मग नोव्हेंबर १९८४, मग जून १९८५. तारखा पुढे सरकत राहिल्या. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून आणलेले स्कॉट मॅकग्रेगर प्रकल्प सोडून गेले आणि स्टीव्ह बामर यांना लक्ष घालावे लागले. दरम्यान व्हिजि ऑन, ‘डेस्क’, टॉपव्ह्यू, ‘जेम’ अशी एकामागून एक स्पर्धक सॉफ्टवेअर प्रत्यक्ष दुकानांत आली. विंडोजला मात्र या दोन वर्षांत गमावण्यासारखे काही नव्हते. कारण त्या काळात मायक्रोसॉफ्टचे पोट एमएस-डॉसवर भरत होते.

१६/
ऑस्बर्न आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यातला फरक नेमका येथे आहे. घोषणा म्हणजे ग्राहकाला ‘थांबा’ म्हणणे. ऑस्बर्न यांचा ग्राहक थांबला, तेव्हा त्यांचाच गल्ला रिकामा राहिला. मायक्रोसॉफ्टच्या शब्दाखातर ग्राहक थांबला, तेव्हा रिकामा राहिला तो दुसऱ्याचा. कृती एकच, थांबण्याची किंमत कोणाच्या खिशातून गेली, एवढाच प्रश्न.

१७/
व्हिजि ऑनचा अंत लवकर झाला. त्याला हार्ड डिस्क लागे आणि ५१२ किलोबाइट स्मृती लागे. १९८३ मध्ये ही चैन होती. शिवाय व्हिजिकॅल्कच्या निर्मात्यांशी कंपनीचे कोर्टकज्जे सुरू झाले होते. सारे खापर विंडोजच्या घोषणेवर फोडता येणार नाही. पण दुबळ्या उत्पादनाला सुधारण्यासाठी जो अवधी लागतो, तो त्याला मिळाला नाही. १९८४ मध्ये व्हिजिकॉर्पने व्हिजि ऑन विकून टाकले. घेणारी कंपनी होती कंट्रोल डेटा! कागदी यंत्रांनी पोळलेल्या कंपनीच्या पदरात कागदी खिडक्यांपुढे हरलेले सॉफ्टवेअर पडले.

१८/
याच वर्षांत इंग्रजीत एक शब्द रूढ झाला : ‘व्हेपरवेअर’. वाफेचे सॉफ्टवेअर, दिसते, पण हाती लागत नाही. एस्थर डायसन यांनी १९८३ मध्ये आपल्या वार्तापत्रातून तो प्रसृत केला. १९८५ मध्ये विंडोज अखेर ९९ डॉलरला विक्रीस आले, तेव्हा ‘इन्फोवर्ल्ड’चे संपादक स्ट्यूअर्ट ऑल्सप यांनी गेट्स यांना थट्टेने ‘सुवर्ण व्हेपरवेअर’ पुरस्कार दिला. सभागृह हसले. त्या पहिल्या आवृत्तीत तर चौकटी एकमेकींवर ठेवताही येत नव्हत्या. शेजारी शेजारीच मांडाव्या लागत. खरे यश मिळाले ते १९९०च्या तिसऱ्या आवृत्तीला.

१९/
हसण्यावारी गेलेली ही गोष्ट दहा वर्षांनी न्यायालयात गांभीर्याने उभी राहिली. अमेरिकी सरकारने १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी केलेली तडजोड न्यायाधीश स्टॅन्ली स्पॉर्किन यांनी १४ फेब्रुवारी १९९५ रोजी नाकारली. व्हेपरवेअरचा प्रश्न तीत आलाच नाही, हा त्यांचा एक आक्षेप होता. त्यांच्यासमोर कंपनीचे अंतर्गत कागद होते. ‘बोरलँड’ कंपनीच्या उत्पादनाकडे वळणारे ग्राहक रोखण्यासाठी आपले उत्पादन वेळेआधी जाहीर केले, ही गोष्ट कर्मचाऱ्याच्या कामाच्या मूल्यमापनात कामगिरी म्हणून नोंदलेली होती.

२०/
जून १९९५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय फिरवला. सरकारने जो आरोपच केलेला नाही, त्याचा विचार न्यायाधीशाने करू नये, असे ठरले आणि प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपवले गेले. कायद्याची अडचणही समजून घ्यावी. प्रामाणिकपणे केलेला अंदाज चुकणे हा गुन्हा नव्हे. खोटे ठाऊक असून सांगणे हा दोष. आणि ब्रूक्स यांनी दाखवून दिल्याप्रमाणे सॉफ्टवेअरची तारीख प्रामाणिक माणसाचीही चुकते. या दोहोंमधील रेषा ओढायची ती कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनासारख्या एखाद्या निसटत्या कागदावरूनच.

२१/
म्हणून ‘लवकरच येत आहे’ ही अक्षरे पुढच्या वेळी दिसतील, तेव्हा वस्तू कधी येणार एवढेच विचारून थांबू नये. ती येईपर्यंत आपण काय विकत घेणार नाही आहोत आणि त्यामुळे कोणाच्या घरची चूल विझणार आहे, हेही विचारावे. विजेत्याने दिलेल्या तारखा इतिहासात टिकतात. त्या तारखांच्या भरवशावर जी वस्तू कोणी घेतलीच नाही, ती बनवणाऱ्यांची नावे शोधून काढावी लागतात. तो शोध हेही इतिहासाचेच काम आहे.

धागा समाप्त.